दुसरी चावी

मंगळवार, ४ मार्च

कुलूप होतं. बाहेरून. पितळी, मुठीएवढं. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, तिसरा मजला, जिन्यातला दिवा गेलेला. दार वाजवलं तर आतून पोरीचा आवाज — आई कामावर गेलीय, तुम्ही ऑफिसातल्या बाई का? बरोब्बर ओळखलं! मग म्हणाली, "चावी आणलीत?" माझ्याकडे कुठली चावी, बाळा.

पावणेआठपर्यंत पायरीवर बसून दाराशी गप्पा मारल्या. थोरली नऊ वर्षांची, धाकटी चारची. धाकटीने दाराखालच्या फटीतून अर्धं बिस्किट सरकवलं. खाल्लं. नियमात बसत नाही.

आई आली ती जिन्यातच थिजली. मग जी सुटली! मी कोण, कोणी पाठवलं, स्वतःच्या घराला कुलूप लावायचीही चोरी का. बोलू दिलं. दमली, मग सांगितलं. हॉस्पिटलच्या धुलाईत चादरी धुते. पाच ते साडेसात, आणि पुन्हा मुली शाळेत असताना. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला — म्हणजे मेला नाही, गेला. दार उघडं ठेवलं तर धाकटी झोपेतून उठून जिन्याकडे चालायला लागते. एकदा दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचली होती. म्हणून कुलूप. जाताना गॅसचा रेग्युलेटर काढून पिशवीत घालून घेऊन जाते. पिशवी उघडून दाखवला मला. पोरींपाशी जुना मोबाईल ठेवते. त्यात पैसे नाहीत, पण फुकटचे नंबर लागतात.

रोज रेग्युलेटर घेऊन कामावर जाणारी बाई, आणि तक्रारीत काय लिहिलंय? "मुलांकडे दुर्लक्ष." वा!

फाईल मी आधी वाचत नाही. वरचं पान, पत्ता आणि तक्रार, बस्स. फाईल वाचून गेलं की घर दिसत नाही, फाईलच दिसते. चोवीस वर्षांचा माझा नियम आहे. दर नव्या साहेबाला त्याचा त्रास होतो.

बुधवार, ५ मार्च

साहेबांशी वाजलं. त्यांचं एकच — आग लागली तर? मुद्दा खरा आहे, रात्री मलाही तेच सुचत होतं. पण उपाय काय, तर पोरी उचला आणि संस्थेत ठेवा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! कुलूप धोक्याचं आहे ना, मग कुलूप काढू या. आई का काढायची?

शेवटी ठरलं ते असं. १९ तारखेला बालकल्याण समिती बसेल. तोपर्यंत एक जरी सकाळ दार बाहेरून बंद सापडलं तर त्याच दिवशी पोरी हलवायच्या. आणि १९ला पक्की सोय दाखवता आली नाही तरीही हलवायच्या. "संस्थेत दोन जागा बघून ठेवा," म्हणाले. दोन वेगवेगळ्या संस्थांत, कारण वयं वेगळी. मी म्हटलं, जागा तुम्हीच बघा, मला वेळ नाही. तोंडावर म्हटलं.

गुरुवार, ६ मार्च

पहाटे पावणेपाचला मीच जाऊन बसले. तेही नियमात नाही. आमचे हे म्हणाले, पगार एका माणसाचा आणि नोकऱ्या दोन! बरोबर आहे. पण दुसरं कोण?

कुलूप दाराला नुसतं लटकत होतं, उघडं. छान दिसलं.

शनिवार, ८ मार्च

थोरलीने मला चादरीची घडी घालायला शिकवलं. "अशी नाही, कोपऱ्याला कोपरा." आईची पोर!

सोमवार, १० मार्च

सगळं करून पाहिलं. पाळणाघर आठला उघडतं. आईची बहीण दुसऱ्या गावी, तिचीच चार. धुलाईच्या मुकादमाला भेटले, पाळी बदलून द्या म्हटलं, तर म्हणे सकाळची चादर सकाळीच लागते. त्याचंही चूक नाही. पण मेल्याने पंखा तरी माझ्याकडे वळवायचा!

त्या अख्ख्या इमारतीत पहाटे एकच माणूस जागं असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या मावशी, बरोब्बर यांच्या खाली. साडेचारला त्यांचं मशीन सुरू होतं, मीच ऐकते रोज. पण आईचं आणि त्यांचं वर्षभर बोलणं नाही. ओल्या कपड्यांचं पाणी मावशींच्या शिवलेल्या कपड्यांवर ठिबकलं, एवढंच कारण. आणि आईची खात्री आहे की तक्रारीचा फोन यांनीच केला. मलाही तसंच वाटतं. कुलूप कधी लागतं, कधी निघतं, खिडकीला गज किती — इतकं तंतोतंत शेजारणीशिवाय कोणाला माहीत असणार? असल्या माणसांचा मला संताप येतो. वर चढून "बाई, मी बसते पोरींपाशी" म्हणायला जड जातं, आणि फोन उचलून दुसऱ्याचं घर मोडायला कसं हलकं वाटतं!

तरी गेले. गरजवंताला अक्कल नसते. निम्मं नीट बोलले. मावशी म्हणाल्या, पोरी कोंडलेल्या असतात ते मला ठाऊक आहे, सगळं ऐकू येतं खाली. तिथे माझी जीभ घसरली. "म्हणून फोन केलात?" त्यांनी मशीन थांबवलं. "कसला फोन?" म्हणे! मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी दार लावून घेतलं.

ताकाला गेले आणि भांडं फोडून आले.

बुधवार, १२ मार्च

आईला सांगितलं की मावशींशिवाय मार्ग दिसत नाही. भडकली. "तिच्या हातात माझ्या घराची चावी? त्यापेक्षा पोरी —" आणि थांबली. पुढचं वाक्य तिलाच ऐकवेना. धाकटी पायाशी बाहुलीचे केस ओढत होती. मी चहा केला. रेग्युलेटर तिच्या पिशवीतून काढून मीच लावला.

सुताराला बोलावून दाराला नवीन लॅच बसवलं. आतून मोठं माणूस किंवा थोरली उघडू शकते, धाकटीचा हात पोचत नाही. बाहेरून चावीने उघडतं. दोन चाव्या आल्या. एक आईने गळ्यात घातली. दुसरी टेबलावर पडून आहे.

शुक्रवार, १४ मार्च

ताप. एकशे दोन. आज जाता आलं नाही. साडेचारला तिला फोन केला, म्हटलं आज जाऊ नकोस. ती म्हणाली, कालच मुकादमाने सांगितलंय, एक खाडा झाला तर दुसरी बाई घेईन.

म्हणजे पाचला पोरी एकट्या. चार वर्षांची आणि नऊ वर्षांची. आणि मी इथे घोंगडी पांघरून! देवा, आज काही होऊ देऊ नकोस. उद्या मी तुझ्याशीही भांडायला तयार आहे.

शनिवार, १५ मार्च

काल काय झालं ते आज कळलं. आई पावणेपाचला दुसऱ्या मजल्यावर थांबली. दार वाजवलं. मावशींनी उघडलं. आईने आत जाऊन चावी शिलाईच्या मशीनवर ठेवली आणि एक शब्द न बोलता कामावर गेली. मावशी काज-बटणांचं काम घेऊन वर आल्या, खुर्ची दारापाशी ओढून पावणेआठपर्यंत बसल्या. आई परत आल्यावर तितकंच गप्प राहून उठल्या, खाली गेल्या. आजही तसंच.

दोघी अजून बोलत नाहीत! न बोलोत. मला तापातही हसू आलं.

मंगळवार, १८ मार्च

साहेबांनी विचारलं, न बोलणाऱ्या शेजारणीच्या भरवशावर पोरी ठेवणार? म्हटलं, तुम्ही आणि मी तरी कुठे बोलतो? कामं होतात ना.

झोप लागणार नाही आज.

बुधवार, १९ मार्च

समितीत तिघं. मध्ये पाण्याचा तांब्या. साहेब कोपऱ्यात, संस्थांचे कागद तयार ठेवून. आई इस्त्रीची साडी नेसून आली होती, गळ्यात चावी. एक खुर्ची सोडून मावशी.

अध्यक्षबाईंनी तिला विचारलं, या बाईंवर तुमचा विश्वास आहे का? मी डोळे मिटले. आई खरं तेच बोलणार, खोटं तिला जमतच नाही. आणि बोललीच. "यांनीच माझी तक्रार केली. तरी चावी यांच्याकडेच आहे. पोरींना यांच्यापाशी झोप लागते."

मावशी उठल्या. त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"तक्रार मी केली नाही. करायला हवी होती. वर्षभर रोज पहाटे धाकटीचं रडणं ऐकत होते. ऐकू येऊ नये म्हणून मशीन जोरात चालवायचे. काम नसलं तरी चालवायचे."

आईने मान वळवून पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

पोरी घरीच राहणार! तीन महिने देखरेख, ती मीच करणार. साहेबांचे कागद साहेबांच्या पिशवीत गेले. जिन्यात मी त्यांना म्हटलं, जागा बघून ठेवल्यात त्या कामी आल्या नाहीत, वाईट वाटतं. त्यांनाही हसू आलं, कबूल करते. माणूस वाईट नाही. नुसता उंटावरून शेळ्या हाकतो.

मग फोन केला कोणी? कोणी का असेना. भेटला असता तर दोन शब्द सुनावले असते.

शुक्रवार, २१ मार्च

आज थोरली खालच्या दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, आईला सांगणार नसाल तर एक सांगते. "फोन मी केला होता. जुन्या मोबाईलवरून. मुलांच्या मदतीचा तो फुकटचा नंबर शाळेच्या भिंतीवर आहे."

तिला वचन दिलं. घरी येऊन फाईल काढली. सतरा दिवस माझ्याच पिशवीत आहे. दुसऱ्या पानावर फोन घेणाऱ्याच्या अक्षरात —

"मुलीचा आवाज, वय अंदाजे नऊ-दहा. आईला रागावू नका म्हणते. मागणी: एक चावी खालच्या मावशींकडे ठेवायला सांगावे."

पान मी आज उलटलं.