मांजर असलेल्या घरात चौदा फेब्रुवारी

३ फेब्रुवारी, मंगळवार

मुलीचा फोन. आईशी चाळीस मिनिटं, मग माझ्याशी चार. म्हणाली, "बाबा, या वर्षी चौदा तारखेला आईला काहीतरी द्या हो. तुम्ही दोघं एका घरातले दोन भाडेकरू वाटता मला."

मी म्हटलं, भाडेकरूंचं एकमेकांशी बरं चालतं.

ती हसली नाही. हल्ली आमच्या घरात माझ्या विनोदांना कुणी हसत नाही. बाईसाहेब तर उठूनच जातात.

बाईसाहेब म्हणजे मांजर. मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी गेली तेव्हा मागे ठेवून गेली. पाच वर्षं झाली. ही, म्हणजे माझी बायको, तिला 'बाळ' म्हणते. मी बाईसाहेब म्हणतो, कारण वागणूक तशी आहे.

५ फेब्रुवारी

बाईसाहेबांना लस टोचायला नेलं. ही शाळेत, म्हणजे शाळेच्या ग्रंथालयात, त्यामुळे असली कामं माझ्याकडे. जाताना टोपलीतून एकसारखा आरडाओरडा. रस्त्यावरचे लोक माझ्याकडे बघत होते, जणू मी पळवूनच नेतोय.

दवाखान्याच्या भिंतीवर हाताने लिहिलेला कागद – 'प्रेमाचा दिवस आणि घरातले प्राणी'. वजन होईपर्यंत वाचला. मग खिशातल्या वहीत उतरवून घेतला. चॉकलेट नको. मेणबत्ती नको. रिबिनी नकोत – गिळतात, आतड्यात अडकतात. फुगे नकोत. काटे असलेली फुलं नकोत. लिली तर मांजराच्या घरात अजिबात नको.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही पहिलेच, कागद लिहून घेणारे."

मी म्हटलं, एकतीस वर्षं लिफ्टची तपासणी केलीय. दोर, ब्रेक, दारं. माझ्या सहीची एकही लिफ्ट पडली नाही.

"मग तुमच्या घरी काळजी नाही," म्हणाल्या.

८ फेब्रुवारी

यादीप्रमाणे एकेक रद्द करत गेलो. मेणबत्तीच्या उजेडात जेवण – रद्द (शेपूट). चॉकलेट – रद्द. रिबीन बांधलेलं काहीही – रद्द. कार्ड आणावं म्हटलं तर बाईसाहेब पुठ्ठा चावतात. प्रेमाला मग उरलं काय?

गुलाब. काटे काढून.

आज सहज मोजलं. ही दिवसभरात मांजराशी अकरा वाक्यं बोलली. माझ्याशी दोन. त्यातलं एक 'सरका'.

दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, "या घरात एक तर ती राहील नाहीतर मी." गंमत म्हणून. ही बराच वेळ विचार करत होती. तेही गंमत म्हणूनच असावं.

११ फेब्रुवारी

हिला विचारलं, चौदा तारखेला काही आहे का?

"शनिवार आहे."

१४ फेब्रुवारी

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर बघून मलाच माझी लाज वाटते.

क्रमाने लिहितो. ही सकाळी शाळेत गेली. नऊ वाजता मी फुलवालीकडे. म्हटलं, डझनभर लाल गुलाब, काटे साफ काढून द्या, घरात मांजर आहे. ती हसली, पण एकेक देठ सोलून दिला. प्लास्टिक नको म्हटलं. रिबीन नको म्हटलं. मी प्रत्येक देठावरून बोट फिरवून बघितलं. मग ती म्हणाली, "साहेब, मध्ये दोन-तीन मोठी टाकते. नुसते गुलाब बोडके दिसतात." मोठी, गुलाबी, ठिपक्यांची फुलं. मी विचारलं, ही कोणती? "स्टार. वासाला एक नंबर."

मी म्हटलं, टाका.

यादी खिशात होती. स्टार हे नाव यादीत नव्हतं. झालं! मी मनातल्या मनात सही करून मोकळा झालो.

फुलं टेबलावर ठेवली आणि पेपर वाचत बसलो. एक वाजता ही आली. दारातच थांबली.

"हे काय?"

"फुलं."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

ही खुर्चीवर बसली. खांद्यावरची पिशवीसुद्धा काढली नाही. नुसती बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं! चौतीस वर्षांत एकदा तरी जमलं.

तेवढ्यात बाईसाहेब टेबलाखालून आल्या. नाक पिवळं. मिशा पिवळ्या. पंजा चाटत होत्या.

हिने एकदा मांजराकडे बघितलं, एकदा फुलांकडे. "ही लिली आहे."

मी म्हटलं, स्टार आहे.

"लिली आहे!!" एवढी ओरडली की खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला.

दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं – किती वेळ झाला? मला सांगता येईना. मी तीन तास त्याच खोलीत बसलो होतो आणि मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, "चाटू देऊ नका. आहे तशी घेऊन या. आत्ता."

गाडी मी चालवली. हिने बाईसाहेबांना पदरात घट्ट गुंडाळून धरलं होतं. वाटेत कुणीच बोललं नाही. मांजरसुद्धा नाही – याचीच जास्त भीती वाटली.

तिथे उलटी करवली. तोंड धुतलं. पुढच्या पायावरचे केस भादरून सुई लावली, सलाईन सुरू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडावर जातं ते विष. परागाचा एक कण पुरतो, फुलदाणीतलं पाणीसुद्धा पुरतं. तीन दिवस सलाईन, तीन दिवस लघवीवर नजर. "लघवी नीट होत राहिली तर जिंकलो. थांबली तर..."

फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता. मी लिहिलं – फुलं. आणणारा: मी.

बाहेर बाकावर ही माझ्या शेजारी बसली. समोर बघत म्हणाली, "तू मुद्दाम केलंस?"

चौतीस वर्षांत पहिल्यांदा मला 'तू' म्हणाली.

नाही म्हणायला हवं होतं. लगेच. पण मी विचार करत बसलो. मुद्दाम नाही, हे मला माहीत आहे. पण फुलं हातात होती, यादी खिशात होती, आणि मी देठ तपासले, फूल नाही. असं का? एवढ्यात ही उठून आत गेली.

१५ फेब्रुवारी, रविवार

भेटायची वेळ नऊ ते अकरा, चार ते सहा. दोन्ही वेळा गेलो. पिंजऱ्यासमोर तीन खुर्च्या. ही एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये हिची पिशवी.

हिने जाळीतून बोट आत घातलं होतं. बाईसाहेबांनी ते हुंगलं नाही. डोळे अर्धे मिटलेले, भादरलेला पाय काडीसारखा. एवढं लहान जनावर असेल असं कधी वाटलं नव्हतं. घरात तर सगळ्या खुर्च्या तिच्याच असायच्या.

कालपासून लघवी अगदी थोडी. आज तीही नाही.

मुलीचा फोन आला. रडत होती. "बाबा, खरं सांगा, तुम्हाला माहीत नव्हतं ना?" मी म्हटलं, लिली माहीत होती. लिली कशी दिसते ते माहीत नव्हतं.  ती म्हणाली, "आईकडे लक्ष द्या." मी म्हटलं, देतोय. ती म्हणाली, "नाही देत."

दुपारी फुलवालीकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. म्हटलं, मांजर आहे हे सांगितलं होतं मी!

"काट्यांसाठी सांगितलंत, साहेब."

खरं आहे. काट्यांसाठीच सांगितलं होतं. तिचा चेहरा उतरला. स्टूलवर बसली आणि विचारलं, "आहे का अजून?" मी आहे म्हटलं. तिने लिलीची बादली आतल्या बाजूला नेऊन ठेवली. भांडायचं राहूनच गेलं.

हिच्या तोंडून आता 'तू' नाही आणि 'तुम्ही'ही नाही. मधलंच काहीतरी काढलंय – "जेवायचं आहे का?" "दार लावायचं राहिलं." कुणाला उद्देशून म्हणते ते भिंतीनं ठरवायचं.

१६ फेब्रुवारी

लघवी नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. आकडे चढलेत. "उद्या सकाळपर्यंत वाट बघू," म्हणाल्या. त्यानंतर काय, ते हिने विचारलं नाही. मीही नाही.

घरी आल्यावर फरशी पुसली. टेबल पुसलं. फुलं कालच बाहेर टाकली होती, तरी पुन्हा पुसलं. पराग कुठे कुठे असतो! खुर्चीच्या पायावर होता. माझ्या पेपरवर होता. म्हणजे ती पेपरवरून चालत गेली होती, मी वाचत असताना. आणि मी फक्त पान उलटलं असणार.

१७ फेब्रुवारी

सकाळी सव्वानऊला फोन – झाली! भरपूर!

एकतीस वर्षं हजारो अहवाल लिहिले आणि वाचले. असा अहवाल एकही नव्हता.

हिला शाळेत फोन केला. ग्रंथालयात फोन घ्यायचा नसतो. हिने घेतला.

"झाली," मी म्हटलं.

"किती?"

"भरपूर."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मीही जरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. घरात कुणी नव्हतं, तरी.

चार वाजता दवाखान्यात भेटलो. बाईसाहेबांनी डोळे पूर्ण उघडून माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. म्हणजे बरं वाटतंय.

हिला म्हटलं, "शनिवारी विचारलंस ना. मुद्दाम नव्हतं. पण लक्ष नव्हतं."

"ते माहीत आहे," ही म्हणाली. "लक्ष नसतंच."

रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे सांगावं तसं सांगितलं.

१८ फेब्रुवारी

लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? लिफ्टचं माहीत आहे. आवाज ऐकायचा. चालू असताना ऐकायचा, बंद पडल्यावर नाही.

आज हिचा आवाज ऐकत होतो. ही जिने चढून आल्यावर दारात दोन मिनिटं थांबते. गुडघा. विचारलं, कधीपासून? "दुखतोय, दोन वर्षं झाली." दोन वर्षं! आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. माझ्याच इमारतीत.

१९ फेब्रुवारी

बाईसाहेब घरी. वजन घटलंय, आवाज तोच. आकडे उतरलेत, पण मूत्रपिंडाला थोडा मार बसलाय. वेगळं खाणं, भरपूर पाणी, महिन्याने पुन्हा रक्त. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या कागदात लिलीच्या ओळीशेजारी चित्र चिकटवलंय. मला दाखवलं. तेवढं पुरलं.

आल्या आल्या पलंगाखाली गेल्या. ही जमिनीवर पालथी पडून हाका मारत होती. मीही पालथा पडलो. ही म्हणाली, "तुम्ही कशाला? तुम्हाला बघून अजून आत जाईल."

तुम्ही!

मी पडून राहिलो.

२१ फेब्रुवारी

गोळी द्यायची होती. मांजराला गोळी देणं हे दोन माणसांचं काम आहे, आणि दोन्ही माणसांनी एकमेकांना सूचना करायच्या नाहीत. हिने धरलं, मी जबडा उघडला, गोळी आत, तोंड बंद, घसा चोळला. बाईसाहेबांनी गिळल्याचं नाटक केलं आणि गोळी माझ्या बाहीत थुंकली. दुसऱ्यांदा माझा अंगठा चावला. तिसऱ्यांदा गोळी हिच्या केसांत सापडली.

ही हसायला लागली. फरशीवर बसून, पाठ कपाटाला टेकवून, थांबेच ना. मीही हसलो. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं माहीत नाही.

अंगठ्याला औषध हिने लावलं. न सांगता.

२४ फेब्रुवारी

ही स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. मी पाणी प्यायला गेलो. मान वर न करता म्हणाली, "गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी, पंधरा तारखेला, मी हे घर सोडून जाणार होते. बहिणीकडे. बाळाला घेऊन. सगळं ठरलं होतं."

"किती दिवसांसाठी?"

"कायमची."

फ्रिजचा आवाज येत होता. तो ऐकला. मग विचारलं, "आणि आता?"

"आता कांदा चिरतेय," म्हणाली.

मी दुसरा कांदा घेतला आणि सोलायला बसलो.