सात नंबरची बेल

३ जून

चि. बुटकीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तू वॉर्ड सोडून तीन महिने झाले, तुझी जागा अजून रिकामीच. पाठोपाठ आणखी दोघी गेल्या. आता दुपारपाळीला बत्तीस खाटा आणि मी एकटी. मेट्रनबाईंकडे माणूस मागितलं, तर त्या बिचाऱ्या स्वतःच ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत आल्या.

नानांना परवा धाप लागली, म्हणून आमच्याच वॉर्डात ठेवलंय, सात नंबरला. घाबरू नकोस. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना ऐटीत सांगतात की सिस्टर आमचीच लेक. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

९ जून

ती. ताईस सा. न.

इथे नव्या हॉस्पिटलात माझ्याकडे सहाच पेशंट. जेवण बसून होतं, पण घास उतरत नाही. तुला एकटीला टाकून आले असं वाटतं. इथे अजून एक जागा आहे. अर्ज कर, पाया पडते. नानांना म्हणावं, वीस तारखेला येतेय, तोवर सिस्टरला छळू नका.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

बुटकी

३० जून

चि. बुटकीस,

नानांचं सगळं उरकून तू परत निघालीस, तेव्हा दारात विचारलंस, “मी असते तर नाना वाचले असते का?” मी नाही म्हटलं. खोटं बोलले.

त्या दुपारी एकोणीस नंबरच्या बाईचे टाके उसवले. रक्त थांबेना. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, तेवढ्यात सात नंबरची बेल वाजली. मग पुन्हा. मास्तर मला बोलवायला उठले, तर नाना त्यांना म्हणाले, “राहू द्या, तिच्या हातात पेशंट आहे.” हे मास्तरांनी नंतर सांगितलं. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

बाई वाचली. तिचा नवरा हात जोडून उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

तू असतीस तर सातकडे धावली असतीस. पण तिकडच्या नोकरीचा तुझा अर्ज मीच लिहून दिला होता. दोष तुझा नाही.

आज राजीनामा दिला. मेट्रनबाईंनी तो वाचला आणि हळूच विचारलं, उद्या दुपारी कोण? मी कागद परत घेतला.

ताई

६ जुलै

ती. ताईस सा. न.

ते खोटं मला दारातच कळलं होतं गं. मीही नर्सच आहे.

रविवारी येतेय, कायमची. त्या वॉर्डात पाऊल टाकायची हिंमत माझ्यात नाही, दुसरीकडे काही बघेन. पण तू पाळी संपवून येशील, तेव्हा दार उघडायला घरात कोणीतरी हवं.

तुझी बुटकी