कडीला लावलेला डबा

५ जाने., सोम.
आज जेवण आणणाऱ्या शैलाने शेवटचा स्टीलचा डबा नेला. उद्यापासून जेवण प्लॅस्टिकच्या खोक्यात. एकट्या म्हाताऱ्यांना जेवण देणाऱ्या संस्थेने घरं वाढवलीत, डबे गोळा करत कोण बसणार? बरोबर आहे. पण आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत. रोज काहीतरी घालायची मी. शेंगाचटणी, गुळाचा खडा, काही नसलं तर चिमूटभर साखर. आता कशात घालू, डोंबलात?
शैला म्हणाली, "बाई, घरं लई वाढल्यात. थांबून बोलाया जमायचं न्हाय आता." कुंभारीहून येते बिचारी.

८ जाने., गुरु.
गुडघा. दार उघडेपर्यंत शै. गेलेली, पिशवी कडीला. वरण बरं होतं, पोळी मऊ. नाव ठेवायला जागा नाही. दिवसभर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी कढई हातातून निसटली, तिला आमच्या घरच्या कन्नडमध्ये शिव्या घातल्या. तेवढंच.

१३ जाने., भोगी
मागच्या गल्लीतले नरसय्या गेले. एकटेच राहायचे, पूर्वी मागावर कापड विणायचे. शै. तिसरी पिशवी अडकवायला गेली, तर आधीच्या दोन तशाच लटकत होत्या. माझ्या उंबऱ्यावर बसून रडली पोर. "मला वाटलं, सणाला लेकीकडं गेलं असतील. डबा असता तर पैल्याच दिशी कळलं असतं की वो!"
ते डब्यात अंगणातली बोरं घालायचे. शै. त्यातली मूठभर मला द्यायची. त्या माणसाशी मी कधी बोलले नाही. बोरं मात्र खाल्ली.


१६ जाने., शुक्र.
रिक्षा करून संस्थेत गेले. डबे परत सुरू करा म्हटलं. साहेब सज्जन, चहा दिला. "बाई, डबे आणायचे तर नवी घरं कमी करावी लागतील. कुणाची करू, तुम्हीच सांगा." दुसऱ्याच्या तोंडचा घास मला नको. मीटिंगमध्ये विषय ठेवतो म्हणाले.
मरायची भीती नाही वाटत. माझ्या दारावर पिशव्या लटकत राहतील, त्याची वाटते. फार वाटते.

१९ जाने., सोम.
शै.शी ठरवलं. रोज सकाळी माझाच डबा बाहेर कडीला लावणार, आत काहीतरी खाऊ. तिने खाऊ घ्यायचा, डबा तिथंच ठेवायचा. डबा दिसला नाही तर मी उघडेपर्यंत कडी बडवायची.
"आन तुमी लावायचं इसरला तर?"
"तरी बडव."
"तुमी बी काय बाई!" हसली. किती दिवसांनी.

२४ जाने., शनि.
गुळाचा खडा तसाच. कालची साखरही तशीच होती, मुंग्या लागल्या. घाई असेल. असणारच, एवढी घरं. पण मग ती डब्याकडे बघते तरी का?
विचारायचं तर गाठ कुठे पडते?

२७ जाने., मंगळ.
आज डबा लावला नाही. मुद्दाम. पाप लागलं तर लागू दे.
दाराला आतून कडी, मी खुर्ची टाकून बसलेय. काही झालं तरी हाक मारायची नाही.
फाटक वाजलं. तीच. पिशवी अडकवली. चपला वळल्या.
थांबल्या.
कडी अजून वाजली नाही.