अच्छी चेष्टा

प्रिय केतकी,

हे पत्र टाकणार नाहीये, म्हणून खरं लिहितो. परवा भोपाळला बाग सेवनियाच्या तुझ्या शाळेत मी खिडकीशी उभा होतो. हजेरी घेताना एकेका नावागणिक तुझा चेहरा असा उजळत होता, की ओंकारेश्वरला आठ दिवस राहूनही मला तसं समाधान मिळालं नव्हतं. (तिथली कचोरी मात्र फार भारी. असो.) तेव्हाच पोटात दुखायला लागलं.

मग खिडकीजवळच्या मुलीच्या चुकलेल्या गणिताखाली तू लिहिलंस, ‘अच्छी चेष्टा’. तू बाहेर आल्या आल्या मी भडकलो, “लेकराची चेष्टा करतेस?”

तू खो खो हसलीस. “अरे दादा, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न! भोपाळात वाढून बुद्धूच राहिलास.”

मीही हसलो. पण मी नववीत नापास झालो, तेव्हा घरात सगळ्यांनी केली ती मराठीतली चेष्टा. तूसुद्धा.

संध्याकाळी तू मला दहावीला बसवायचा फॉर्म पुढे केलास आणि मी न सांगता निघालो. तुझ्या नोकरीवर नाही गं, त्या मुलीवर जळतोय मी. गणित चुकलं, तरी वही मिरवत जागेवर गेली.

फॉर्म बरोबर आणलाय. माझ्या वह्या तू तपासणार असशील, तर भरतो. म्हणजे आता हे पत्र टाकावंच लागेल.

इटारसीहून,
परीक्षितदादा