मेग फक्त डावीकडे वळते

१२ मे

प्रिय आजोबा,

कसा आहेस? हिल्डा आत्या नीट खायला घालते ना, की अजून उकडलेला कोबीच चाललाय? इकडे बाबांची कंबर ठीक, ट्रॅक्टर ठीक नाही, आणि माझं तोंड नेहमीसारखं चालू.

आपल्या मेग कुत्रीला विकायचा सौदा फिसकटला हे बाबांनी तुला फोनवर सांगितलंच असेल. का फिसकटला ते सांगितलं नसणार. त्यांना वाटतं त्यात माझा हात आहे. हात नव्हता, देवाशप्पथ. सगळं सांगते, पण जरा वळसा घालून येते. रागावू नकोस.

आधी पाखरांची खबर. आत्या म्हणाली, तू बाकी कुणाचं काही विचारत नाहीस, त्यांचं तेवढं विचारतोस. तर पाकोळ्या आल्या. गोठ्यात तीच तुळई, तेच भांडण. रॉबिन तुझ्या फावड्याच्या दांड्यावर बसतो आणि मुकादमानं कामचुकाराकडे बघावं तसा माझ्याकडे बघतो. मी गांडुळं उकरून देते तरी चेहरा तोच. खालच्या शेतात टिटव्यांनी अंडी घातलीत. बाबांनी तेवढा तुकडा नांगरायचा सोडलाय आणि वर म्हणतात, "डिझेल संपलं म्हणून." डिझेल संपलं नव्हतं.

आणि धुराड्याच्या बुडाशी फटीत स्टार्लिंगचं बिऱ्हाड आहे. त्यातल्या नराचं नाव मी नकल्या ठेवलंय. आजोबा, काय पाखरू आहे रे! लांबून नुसतं काळं. पण उन्हात आलं की अंगावर हिरवं-जांभळं तेल सांडल्यासारखं दिसतं, त्यावर बारीक ठिपके. गायला लागला की गळ्याची पिसं दाढीसारखी फुगवतो, पंख फडफडवतो, आणि एका दमात आपली किटली, गोठ्याचं करकरणारं दार, माळावरच्या कर्ल्यू पाखराची हाक आणि बाबांचा खोकला! बाबांचा खोकला ऐकून बाबाच मागे वळून बघतात.

तू आत्याकडे गेल्यापासून अंगणात शीळ नव्हती. बाबा मेगला ओरडून हुकूम देतात. ती त्यांच्याकडे परक्यासारखी बघते आणि जाऊन फाटकापाशी पडते, तुझी गाडी गेली त्या बाजूला तोंड करून. मग एका सकाळी तुझी शीळ आली. खरीच तुझी, शेवटी वर उचलून तोडलेली. माझ्या हातातला कप पडला. मेग वेड्यासारखी अंगणभर धावली. आणि बाबा अर्ध्या गालावर साबण तसाच घेऊन बाहेर आले आणि त्यांनी बारक्या पोरासारखी तुला हाक मारली, "बाबा?"

धुराड्यावर नकल्या. तू बाकावर बसून शीळ घालायचास तेव्हा वर कुणी शिकवणी घेतंय हे कुणाला माहीत होतं!

बाबा म्हणाले, डोळ्यात साबण गेला. गेला असेल.

पण ह्या पाखराला शीळ येते, मेंढ्या कळत नाहीत. पाद्रीणबाईंनी बागेत सगळ्यांना चहाला बोलावलं होतं, आणि नेमकी तेव्हाच ह्यानं 'डावीकडे'ची शीळ घातली. मेगनं हुकूम मानला. सगळ्या मेंढ्या कोकरांसकट डावीकडे, म्हणजे थेट चहाच्या टेबलांत. एका कोकरानं ट्यूलिप खाल्ले, एकानं केक.

"हेटी! हे तुझेच धंदे!" बाबा ओरडले.

"पाखरानं केलं, बाबा."

"पाखरानं! पाद्रीबुवांच्या टोपीत शेण पण पाखरानंच घातलं होतं ना?"

ते मी घातलं होतं. पण ह्या वेळी मी निर्दोष होते आणि कुणी मानेना. निर्दोष असणं किती बोअर असतं!

तेव्हापासून मी रोज चहा घेऊन तुझ्या बाकावर बसते. नकल्या वर, मी खाली. तो शीळ घालतो, मी दोन बोटं तोंडात घालते. माझी नुसती थुंकी उडते. तो मान वाकडी करून बघतो, पुन्हा घालतो. शाळेत एकाही बाईंनी माझ्यावर एवढा धीर धरला नव्हता.

बरं, आता शनिवार.

मेगला विकत घेणारा आल्डरसन तिला बघायला आला. त्याची पत्र्याची शिट्टी दाताखाली धरून त्यानं तिला वरच्या माळावर पाठवलं. आजोबा, काय धावली रे ती! पोट गवताला लावून, जशी तुझ्याबरोबर धावायची. आल्डरसन बाबांना म्हणाला, "अशी कुत्री विकतोस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

बाबा म्हणाले, "म्हातारा ऐकत नाही. म्हणतो, ज्याला शीळ घालता येत नाही त्यानं कुत्री ठेवू नये."

एवढ्यात वरून तुझी 'पुरे, ये'ची शीळ. मेगनं मेंढ्या तिथंच सोडल्या आणि येऊन तुझ्या रिकाम्या बाकाखाली बसली.

आल्डरसननं वर बघितलं आणि पोट धरून हसला. "माझ्याकडे हा भामटा नसेल. विसरेल ती." त्यानं गाडीचं मागचं दार उघडून मेगला बोलावलं. ती गेली. मुकाट्यानं चढली, आजोबा. शहाण्या कुत्रीसारखी. दाराला हात लागला होता, आणि पुन्हा शीळ झाली.

मेगनं उडी मारली ती थेट माझ्या पायाशी.

बाबांनी धुराड्याकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. नकल्या गवतात पिल्लांसाठी अळ्या शोधत होता. मग बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझी दोन बोटं अजून तोंडात होती.

हात नव्हता म्हटलं ना, बोटं होती.

मी ठरवून केलं नाही रे. कशी आली तेच कळलं नाही. आल्डरसन म्हणाला, "पोरी, परत घाल बघू." परत घातली तर नुसती थुंकी, त्याच्या कोटावर. त्यानं कोट पुसला, दार आपटलं आणि गाडीत बसता बसता म्हणाला, "झटक्यानं म्हाताऱ्याचं तोंड वाकडं झालंय. कान तर वाकडे नाहीत झाले?" आणि गेला.

बाबा दिवसभर धुसफुसत होते. पण संध्याकाळी तुझा बाक धुतला.

काल शीळ पुन्हा आली. आज सकाळी तर लागोपाठ आली. नकल्याला जेवढं येतं तेवढं आता मलाही येतं: थांब, ये, आणि डावीकडे. 'उजवीकडे' त्याला येतच नाही. ती तू नेहमी वरच्या माळावरून घालायचास, त्याच्या कानावर पडलीच नसणार. त्यामुळे मेग फक्त डावीकडे वळते, मेंढ्या फक्त डावीकडे जातात, आणि डावीकडे पाद्रीणबाई काठी घेऊन उभ्या असतात.

तुझं तोंड कसं दिसतं त्याचं इथं कुणाला काही नाही. माझं कुठं सरळ आहे? तू बाकावर बस आणि चुकलं की काठी आपट, एवढंच. आत्याला सांग, बाबा रविवारी तुला घरी आणायला गाडी घेऊन येतायत. मेग मागच्या सीटवर असेल.

उजवीकडची शीळ शिकायची राहिलेली,
तुझी हेटी