विहीणबाईंचा समुद्र

लंडन, रविवार

अहो,

चंपाचा नमस्कार. मी इथे मजेत आहे. गुडघा दुखत नाही, नातही आता अंगावर येऊन झोपते. तुम्ही काशीगावला वन्संकडे जेवायला जाता ना? की रोज बाहेरचंच चाललंय?

फोनवर बोलायला गेले की आपल्या सुनेची, संचिताची आई शेजारीच बसलेली असते. म्हणून भारतात निघालेल्या इथल्या ओळखीच्या मनालीजवळ ही चिठ्ठी देतेय.

परवा आपला दिपेश म्हणाला, "आई, एका रात्रीसाठी बाहेर जाऊया. कुठे जायचं?" मी हौसेनं एका खेड्याचा फोटो दाखवला. दगडी घरं, मधून ओढा, चरणाऱ्या मेंढ्या. तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "मला बाई समुद्रच आवडतो." झालं, लगेच ब्रायटनचं हॉटेल बुक!

मी म्हटलं, "समुद्र तर आपल्या डोंगरीलाही आहे." तर दिपेश हसला. "आई, तुझं काय, तू कुठेही खूश असतेस."

काल गेलो, आज परत आलो. तिथे वाळू नाही, नुसते गोटे. विहीणबाईंचा पाय जरा घसरला, तर दिपेशनं त्यांचा हात धरला, तो गाडीपर्यंत सोडला नाही. मी मागून पिशवी घेऊन येत होते. तशा त्या स्वभावानं चांगल्या आहेत. मला वारा लागतोय म्हणून स्वतःची शाल दिली.

पण माझाही एक हात रिकामा होता हो.

असो. गोळ्या वेळेवर घ्या. आपल्या सिल्व्हर पार्कात कुणी विचारलं तर सांगा, दिपेशनं आईला हट्टानं समुद्रावर नेलं.

तुमचीच,
चंपा