मागच्या खोलीतली हिरवी पलटण

शुक्रवार, १ मार्च. सकाळी साडेसात.

माझ्या सरदाराची कुऱ्हाड मोडली. कोणी मोडली ते मला ठाऊक आहे. काल लोरेनने मागच्या खोलीत फडकं मारलं. इतक्या वर्षांत त्या टेबलावर कोणी फडकं मारलं नव्हतं आणि कोणाचं काही अडलं नव्हतं. पोटची पोर, पण हात म्हणजे नांगराचे फाळ.

असो. नमस्कार, वही. शाळा सोडून साठ वर्षं झाली, तेव्हा चुका दिसल्या तर डोळे मीट. तुला वाचणार मीच आहे, आणि मी स्वतःला नावं ठेवत नाही.

धूळ हे निमित्त. लोरेन खोली मापायला आली होती. माझी नणंद विनिफ्रेड हिचा खुबा बदललाय, जिना चढता येत नाही. आमच्या आख्ख्या बुलवेल गावात तळमजल्यावर जास्तीची खोली कोणाकडे, तर माझ्याकडे. लोरेन म्हणाली, आई, ते टेबल काढू आणि आत्याची खाट टाकू. मी म्हटलं, माझी खाट स्मशानात टाक, मग तिची इथे टाक.

टेबल सिरिलने केलेलं आहे, दोन जुनी दारं जोडून. सिरिल म्हणजे नवरा. जन्मभर कारखान्यात शिशाचे बोटभर शिपाई ओतले आणि घरी येऊन त्यांच्याच लढाया लावल्या. दुसरं माणूस मिळेना म्हणून मला समोर बसवलं. तो गेला, अकरा वर्षं झाली. कपाटात दोन सैन्यं ठेवून गेला, हिरवे बुटके राक्षस आणि लोखंडी घोडेस्वार. रडायला मला वेळ नव्हता, हिरव्यांचे डोळे रंगवायचे राहिले होते.

काल रात्रीच्या जेवणाआधी लोरेनशी करार झाला. २३ आणि २४ तारखेला या शिपायांच्या लढायांची मोठी स्पर्धा आहे, प्रत्येकाचे पाच सामने. त्यातला एक जरी जिंकले तर खोली माझी आणि विनिफ्रेड लोरेनच्या घरी. पाचही हरले तर टेबल बाहेर. एकच सामना! मला हसू आवरेना. लोरेनही हसली. का ते कळलं नाही.

मंगळवार, ५ मार्च.

क्लबात सराव. क्लाइव्ह पायकेटने हरवलं. हा आमच्या क्लबाचा मुख्य. तीस वर्षं बस चालवली आणि आता सगळ्यांना कुठे उतरायचं ते सांगतो. सारखा म्हणत होता, मेव्हिस, अगं ते पुस्तक एकदा तरी उघड. पुस्तक म्हणजे नियमांचं. मला सिरिलने तोंडी शिकवलंय. पोहायला शिकलेल्या माणसाला नदीचं पुस्तक लागत नाही.

हरण्याचं कारण फासे. एका फाशाने सहाही वेळा एकचा आकडा पाडला. त्याला घरी आणून फ्रीझरमध्ये घातलाय, मटारांशेजारी. बसू दे कुडकुडत. बाकीच्या फाशांनाही नेऊन दाखवला.

शुक्रवार, ८ मार्च.

आजपासून रोज वीस शिपाई रंगवायचे. तीन रंग चढलेले नसतील तर शिपाई धरत नाहीत, असा स्पर्धेचा नियम आहे. एकूण त्रेसष्ट आहेत. चार दिवसांत उडवते.

मंगळवार, १२ मार्च.

सात झाले. खिडकीतला उजेड वाईट आहे.

विनिफ्रेडचा फोन आला. टेबलाला वाळवी आहे का, असं विचारत होती. ही बाई लेसच्या गिरणीत होती. चाळीस वर्षं कापडाच्या जाळीतले सुटलेले टाके शोधले आणि निवृत्त झाल्यापासून माझ्यात शोधते. माझ्या लग्नात म्हणाली होती, झालर एका बाजूला अर्धा इंच लांब आहे. होती. पण म्हणायचं असतं का?

शनिवार, १६ मार्च. दुपारी.

त्रेसष्ट पुरे झाले. शेवटच्या तिसांना डोळे दिले नाहीत. राक्षसांना कशाला हवेत डोळे, त्यांना वास येतो. संरक्षणाला आता वरून वार्निशचा फवारा. क्लाइव्ह ओरडून सांगत असतो की दमट हवेत फवारा मारू नका, पांढरं धरतं. बसवाल्याला हवेतलं काय कळतं? अंगणात रिमझिम आहे पण शेडमध्ये छप्पर आहे. जाते.

तीन वाजता.

पांढरे झाले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. पिठात लोळवून तळायला ठेवल्यासारखे दिसतायत.

रविवार, १७ मार्च.

शांतपणे विचार केला. ही बर्फातली पलटण. उत्तरेच्या डोंगरातून उतरली, वाटेत हिमवादळ लागलं. मुद्दामच केलं. हे आधी कोणाला सुचलं नव्हतं, आणि आता सगळे माझी नक्कल करतील.

शुक्रवार, २२ मार्च.

बॅग भरली. शिपाई, टेप, फासे, मांस भरून भाजलेले पोर्क-पाय दोन. फ्रीझरमधला फासा घेतला नाही. त्याला अजून अक्कल आलेली नाही. उद्या पहिलाच सामना जिंकून दुपारी लोरेनला फोन करायचा आणि बाकीचे चार मजेत खेळायचे, असं ठरलंय.

शनिवार, २३ मार्च. दुपारी एक.

शाळेच्या मोठ्या हॉलात टेबलंच टेबलं आणि तीस माणसं. एकोणतीस पुरुष, त्यांच्या एकोणतीस पोटांवर काळे बनियन. अंघोळीची सवय निम्म्यांना.

पहिला गडी डर्बीचा दंतवैद्य. डर्बी म्हणजे आमचं शेजारचं वैरी शहर, काय बोलायचं. गोड हसून म्हणाला, आजी, बर्फाचा परिणाम छान साधलाय, कसा केलात? मी म्हटलं, वर्षं लागतात. मग माझा सरदार मेला. मेला तर मेला, हिरवे पळत नाहीत, सिरिलने शिकवलंय. दंतवैद्य म्हणाला, आजी, तो नियम चार आवृत्त्यांपूर्वी गेला. आता सरदार पडला की सगळे पळतात. मी म्हटलं, माझ्या घरात नाही पळत. त्याने पंचाला बोलावलं. पंच म्हणजे क्लाइव्ह. तो छताकडे बघत म्हणाला, पळतात, मेव्हिस. एकोणीसशे चौऱ्याण्णवपासून पळतायत.

पळाले. टेबलाच्या कडेवरून सगळेच गेले. हार. पण डर्बीचा आहे, मोजत नाही.

शनिवार. संध्याकाळी सात.

दुसरा सामना एका जाड्याशी झाला. तो प्रत्येक फासा फेकण्याआधी त्याच्यावर फुंकर मारतो, आणि कांदा खाऊन आलेला. त्या वासात डोकं चालत नाही. हार.

तिसरा एक लांब केसांचा मास्तर. माझ्या हिरव्यांनी भांडणाच्या फाशावर एक पाडला आणि समोर शत्रू सोडून एकमेकांनाच मारायला लागले. तसा नियमच आहे त्यांचा, हा मात्र बदललेला नाही. मास्तर म्हणाला, वाईट वाटतंय हो, मी अजून काहीच केलं नाही. म्हटलं, वाईट वाटत असेल तर हर. तो हरला नाही. असले मास्तर, मग पोरं कशी होणार.

लोरेनला फोन केला नाही. माझ्या मोबाइलची बॅटरी साठ टक्क्यांवर आली होती.

उद्याचे संकल्प. सरदाराला मागे ठेवायचं. शिव्या मनात द्यायच्या. विनिफ्रेडचा चेहरा डोळ्यांपुढे आणून लढायचं.

रविवार, २४ मार्च. सकाळी अकरा.

विनिफ्रेडचा चेहरा आणला. चौथाही गेला.

दुपारी दोन.

जिंकले! जिंकले! जिंकले!

आता नीट लिहिते. रात्री एकाचं पोट बिघडलं आणि तो घरी गेला. उरलो एकोणतीस. जोड्या लावल्या, एक गडी उरला. सगळ्यांत खाली जो असेल त्याला समोर कोणी मिळत नाही आणि त्याच्या नावावर एक विजय लिहितात, अशी इथली रीत. खाली मी होते. फळ्यावर क्लाइव्हने स्वतःच्या हाताने लिहिलं, मेव्हिस टॅन्सली, विजयी.

उरलेल्या अठ्ठावीस जणांत माझ्यासमोर बसायची एकाची छाती झाली नाही. मी बर्फाची पलटण पूर्ण मांडली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे दोन तास रोखून बघितलं. दुसरा पोर्क-पाय खाऊन संपवला. माझा एकही शिपाई पडला नाही. या स्पर्धेत असा विजय दुसऱ्या कोणाचा नाही, मी विचारून आले.

लोरेनला फोन केला. म्हणाली, खरंच? कोणाला हरवलंस? मी म्हटलं, हरलेल्याचं नाव घेऊ नये, आपल्याकडे माणुसकी आहे.

मंगळवार, २६ मार्च.

लोरेन खूश आहे. विनिफ्रेडला स्वतःच्या बैठकीत घ्यायचं कबूल केलंय, सोफा विकायला काढलाय. कराराला जागली. शेवटी मुलगी कोणाची.

मग क्लाइव्ह चहाला आला. लोरेन घरातच होती. तिने सहज विचारलं, आईने कोणाला हो हरवलं? मी क्लाइव्हच्या पायावर पाय दिला. त्याला बसच्या ब्रेकवर पाय द्यायची सवय, दुसऱ्याने दिलेला कळत नाही. म्हणाला, रिकाम्या खुर्चीला. आणि तेही चुरशीचं झालं.

लोरेनने कप खाली ठेवला. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, फळ्यावर लिहिलंय विजयी. ती म्हणाली, आई, मी सोफा विकायला काढला. एवढंच. ओरडली असती तर मी तिला पुरून उरले असते.

बिस्किटांचा डबा मी क्लाइव्हसमोरून उचलला.

रविवार, ३१ मार्च.

आज आईचा रविवार, म्हणजे मदर्स डे. लोरेनने डॅफोडिल आणले, केक आणला आणि विनिफ्रेड आणली. रिकाम्या खुर्चीवरचा विजय तिने धरला नाही, टेबल काढायचंच म्हणाली. विनिफ्रेड काठी टेकत मागच्या खोलीत शिरली, दारातच थांबली आणि टेबलाभोवती एक फेरी मारली. मी वाट बघत होते, आता वाळवी निघणार. म्हणाली, हे बाहेर कशाला काढताय? खाट भिंतीला लावा. रात्री माझे दात आणि चष्मा ठेवायला जागा हवीच ना.

घाबरली मला. दुसरं काय.

टेबल राहिलं. याला विजयच म्हणतात. मात्र त्या टेबलावर आता एक पेला आहे आणि पेल्यात माझ्या नणंदेचे दात आहेत. ते डोंगर समजून वळसा घालून पलटण न्यावी लागते.

मंगळवार, २ एप्रिल.

विनिफ्रेड दिवसभर खाटेवर पडून नियमांचं पुस्तक वाचते. सिरिलच्या कपाटात नव्या आवृत्तीचं एक होतं, पिशवीतून बाहेरही न काढलेलं. क्लाइव्हने कधीतरी मला दिलं असणार. भिंग घेऊन वाचते. मधूनच विचारते, मेव्हिस, पान चव्वेचाळीस आणि पान एकसष्ट एकमेकांशी जुळत नाहीत, हे तुम्हा लोकांना माहीत आहे का? मी म्हटलं, आम्ही लढतो, वाचत नाही. म्हणाली, हो, लोरेन सांगत होती.

बाईने कधी फासा धरलेला नाही. शनिवारी एक डाव लावते आणि तिची जिरवते. तिला ती पिठातली हिरवी पलटण द्यायची. मी लोखंडी घोडेस्वार घेणार. पंचाला क्लाइव्ह येतोय, साक्षीदार हवाच.

शनिवार, ६ एप्रिल. संध्याकाळी पाच.

तिने फसवलं. नियम वाचून आली होती.

हिरव्यांना झाडीत उभं केलं आणि हललीच नाही. माझे घोडेस्वार धावून गेले, कारण घोडेस्वार धावतातच. म्हणाली, मेव्हिस, झाडीत घोडा अर्धाच चालतो, पान सत्तावीस. मग म्हणाली, तुझ्या तिसऱ्या स्वाराचा पाय चालीच्या मापाबाहेर आहे, अर्धा इंच. क्लाइव्हने वाकून टेप लावला. अर्धा इंच होता.

तासाभरात आटोपलं. माझा एक स्वार उरला, तोही पेल्यामागे लपलेला. हिरव्यांनी एकदाही आपसात भांडण केलं नाही. सिरिलच्या बहिणीसमोर सिरिलची पलटण शहाण्यासारखी वागली. फितूर मेले!

क्लाइव्ह बसमध्ये शेवटचा थांबा चुकल्यासारखा बघत बसला होता. जाताना तिच्याशी दारात बराच वेळ बोलत होता. माझ्याशी नाही बोलला. मीही नाही बोलले, मला भांडी होती.

रविवार, ७ एप्रिल.

तिला ऑपरेशननंतरच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी डोकं तल्लख होतं असं ऐकलंय. क्लबाने हे तपासायला हवं.

मंगळवार, ९ एप्रिल. सकाळी दहा.

सकाळी चहाआधीच परत डाव झाला. मी हरले. काल दोन झाले होते. ते लिहिले नाहीत, शाई संपत आली होती.

लोरेनने सांगितलं की सप्टेंबरच्या स्पर्धेला क्लबाचा पाच जणांचा संघ जाणार आहे. चार नावं ठरलीत, पाचव्याचं क्लाइव्ह आज सकाळी फोन करून विचारणार आहे. मी केस विंचरून, खुर्ची फोनपाशी ओढून नऊपासून बसले होते. नाही म्हणायचं, मग जरा आढेवेढे घेऊन हो म्हणायचं, असं ठरवून.

वाजला. उचलला. क्लाइव्हच होता. म्हणाला, मेव्हिस, विनिफ्रेडला दे.

मी फोन ठेवून दिला. तो परत वाजतोय. हा चौथ्यांदा. ती खाटेवरून ओरडतेय, अगं कोणीतरी घ्या. मी घेणार नाही. मी काय तिची टेलिफोनवाली आहे? काठी आहे, नवा खुबा आहे, चार पावलं आहेत. ज्याचं बोलावणं त्याने उठावं. विनिफ्रेड, तुझा फोन आहे, तूच उचल.